बायपास योग्य की अयोग्य? नीतिशास्त्रातले मोठे विचार, बेळगावच्या शिवारात उभं राहून

बेळगाव शहराला वळसा घालून शिवारातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासचा विषय निघाला, किंवा आता रिंगरोडचा, की बेळगावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "अख्ख्या शहराची सोय होणार असेल तर चार लोकांनी सोसायला काय हरकत आहे?" आणि दुसरं, "रस्ता पायजे की, कोन नको म्हंतंय? पन पिकाऊ जमिनीतनंच का, आणि आमाला न विचारताच का?"

पहिलं वाक्य बोलणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणतो. दुसरं बोलणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, "त्यांच्या भावना आम्ही समजू शकतो," असं सांगतो. मला ही विभागणीच मान्य नाही. दोन्ही वाक्यं नैतिक युक्तिवाद आहेत. दोन्हींच्या मागे मोठे विचारवंत उभे आहेत, आणि शेतकऱ्याच्या बाजूने उभे असलेले तर संख्येनेही कमी नाहीत. ही मंडळी कोण आणि ती नेमकं काय म्हणतात, हे सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी जमीन कसली आहे ते डोळ्यांसमोर आणू. शहापूर, वडगाव, अनगोळ, यळ्ळूर, मच्छे या पट्ट्यातल्या काळ्या शिवारात पावसाळ्यात भात होतं, त्यात बेळगावची नावाजलेली बासमती. सुगी आटोपली की जमिनीत राहिलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा येतो. एका वर्षात दोन पिकं, त्यातलं दुसरं जवळजवळ पाण्याशिवाय. बायपासला इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पोलिस बंदोबस्तात शेतात यंत्रं उतरली. यातलं योग्य काय आणि अयोग्य काय, हे कोणत्या मापाने ठरवायचं? अशी मापं शोधणाऱ्या आणि तपासणाऱ्या शास्त्राला नीतिशास्त्र म्हणतात. कायदा काय सांगतो हा वेगळा प्रश्न. कायदा स्वतः बरोबर आहे का, हेसुद्धा नीतिशास्त्र विचारतं.

पुष्कळांचं पुष्कळ सुख

"शहराची सोय" या युक्तिवादाचा मूळ पुरुष जेरेमी बेंथम, १७४८ साली जन्मलेला इंग्रज. त्याचं म्हणणं सरळ होतं. एखादी कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामावरून ठरवा. तिच्यामुळे ज्यांना सुख झालं त्यांचं सुख मांडा, ज्यांना दुःख झालं त्यांचं दुःख मांडा आणि वजाबाकी करा. सुख किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती लोकांपर्यंत पोचणारं, असे निकषही त्याने सांगितले. या मताला उपयुक्ततावाद म्हणतात.

हे आज रुक्ष वाटतं. पण बेंथमच्या काळात ते स्फोटक होतं. त्याच्या हिशेबात राजाचं सुख आणि मोलकरणीचं सुख एकाच मापाने मोजलं जात होतं. प्रत्येक माणूस एक. कुणीही दीड नाही. उपयुक्ततावादाला नावं ठेवताना ही गोष्ट विसरू नये. रोज वाहतुकीत अडकणारी रुग्णवाहिका, शहरातून जाणाऱ्या अवजड ट्रकखाली सापडणारा सायकलवाला पोरगा, यांचा जीव या हिशेबात पूर्ण वजनाने येतो. बायपास मागणारे सगळेच स्वार्थी असतात असं समजणं अन्यायाचं आहे.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने हा विचार पुढे नेला. मिलची पस्तीसेक वर्षांची नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत झाली. हिंदुस्थानचे कागद रोज हातावेगळे करणारा हा माणूस इकडे कधी आला मात्र नाही. सगळी सुखं एकाच तराजूत घालता येत नाहीत, असं मिलने सांगितलं. काही सुखं दर्जानेच वरची असतात. शिवाय व्यक्तीच्या स्वातंत्र्याला समाजाने सहजासहजी हात लावू नये, असंही त्याने १८५९ साली ठासून लिहिलं. मग एकूण सुख वाढत असेल तर एकट्याचं स्वातंत्र्य दाबायचं की नाही? मिल म्हणतो, लांबचा विचार केला तर स्वातंत्र्य जपण्यातच सगळ्यांचं सुख आहे. हे नेहमीच खरं ठरतं का, यावर अजून वाद चालू आहे.

लोकमान्यांनी घेतलेला आक्षेप

मराठी वाचकाला हा वाद नवा असायचं कारण नाही. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात बसून टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं, १९१५ साली ते छापून आलं आणि त्यात "पुष्कळांचे पुष्कळ सुख" या तत्त्वाचा त्यांनी पानोपानी समाचार घेतला. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल १९१६ मध्ये, त्यांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना इथे बेळगावात केली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या माणसाचं भाषण ऐकलं असेल, त्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण आजच्या विषयाला चपखल बसतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामवे करायची होती. सगळ्यांच्या फायद्याचं काम; पण सरकारी परवानगीला फार उशीर लागत होता. तेव्हा ट्रामवेच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन परवानगी मिळवली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीला आलं आणि त्याच्यावर खटला झाला. पहिल्या ज्यूरीत एकमत होईना, म्हणून दुसरी ज्यूरी नेमली आणि तिने त्याला दोषी ठरवलं.

टिळकांचा प्रश्न असा, की नुसत्या बाहेरच्या परिणामाची बेरीज करायची तर या माणसाने चुकीचं काय केलं? हजारोंचं भलं झालं, नुकसान कुणाचं दिसत नाही. तरी आपलं मन त्याला निर्दोष म्हणत नाही. कारण आपण कृतीबरोबर करणाऱ्याची बुद्धीही पाहतो: त्याने ते कोणत्या हेतूने केलं आणि कोणत्या वाटेने केलं. रस्ता चांगला आहे की नाही, या प्रश्नाच्या शेजारी दुसरा प्रश्न तेवढ्याच मानाने उभा राहतो. तो रस्ता कसा आणला?

गांधीजींचा आक्षेप याहून कडक होता. डिसेंबर १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. जास्तीत जास्त लोकांचं सुख हे तत्त्व त्यांनी साफ नाकारलं. एक्कावन्न टक्क्यांच्या भल्यासाठी एकोणपन्नास टक्क्यांचा बळी देणं त्यात बसतं, हे त्यांचं कारण. त्यांना हवा होता सर्वांचा उदय. ते कसं साधायचं हे अवघड आहे, पण आक्षेप मात्र बिनतोड आहे.

"एवढी भरपाई मिळते, अजून काय पाहिजे?"

हा प्रश्न चहाच्या टपरीवर मी कित्येकदा ऐकलाय. त्याचं उत्तर इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाकडे आहे. कांट १७२४ साली कोनिग्सबर्गमध्ये जन्मला आणि बहुतेक सगळं आयुष्य तिथेच शिकवत राहिला. आज त्या गावाचं नाव कालिनिनग्राड आहे आणि ते रशियात आहे. सीमा सरकल्या की गावाचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१७८५ सालच्या ग्रंथात कांटने दोन कसोट्या दिल्या. एक, तुम्ही ज्या नियमाने वागताय तो सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला म्हणता येईल का? दोन, समोरच्या माणसाला तुम्ही निव्वळ साधन म्हणून वापरताय का? यातला 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण सगळेच एकमेकांचा उपयोग करून घेतो. बसचा ड्रायव्हर आपल्याला खानापूरला पोचवतो, आपण त्याला तिकिटाचे पैसे देतो. त्यात गैर काही नाही, कारण तो राजीखुशीने गाडी चालवतो. समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणायची संधीच न देता त्याचा वापर केला, तर मात्र तो साधन झाला. कर्तव्याला परिणामाच्या वर ठेवणाऱ्या या मताला कर्तव्यवाद म्हणतात.

कांटने अजून एक भेद केला. काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू चालते. प्रतिष्ठा असलेल्याच्या जागी काहीच चालत नाही, आणि अशी प्रतिष्ठा माणसाची असते. आता भरपाईकडे पाहा. भरपाई जमिनीची होते. शेतकऱ्याला बोलावलं नाही, त्याची हरकत ऐकून न ऐकल्यासारखी केली, याची भरपाई कोणत्या तक्त्यात बसते? गुंठ्याचा दर वाढवून तो अपमान भरून निघत नाही. म्हणून "पैसे मिळाले ना?" हा प्रश्न अपुरा आहे. रागावलेला शेतकरी पैशाच्या पलीकडचं काहीतरी बोलत असतो आणि तेव्हा तो हट्ट करत नसतो.

इथे सीमाभागाची एक गोष्ट जोडतो, कारण तिच्याशिवाय कांट आपल्या गावात उतरणार नाही. भूसंपादनाची नोटीस घरात येते ती बहुतेक वेळा कन्नडमध्ये. मराठी शाळेत चौथी-सातवी शिकलेला सत्तरीचा माणूस ती हातात धरतो, गट नंबर आणि आकडे ओळखतो आणि बाकीचं वाचून घ्यायला कॉलेजात जाणाऱ्या नातवाची किंवा वकिलाची वाट पाहतो. हरकत घेण्याची मुदत मात्र नोटिशीच्या तारखेपासूनच धावत असते. कांटच्या कसोटीवर इथेच सगळं अडतं. ज्याला कागद कळला नाही त्याची संमती कसली, आणि त्याच्या गप्प बसण्याला होकार कसं म्हणायचं? सरकारी कागद मराठीतही द्या ही इथली जुनी मागणी आहे. तिला कुणी भाषेचं राजकारण म्हणो. कांटच्या हिशेबात माणसाला माणूस म्हणून वागवण्याची ती पहिली पायरी आहे.

"मग एकाने नाही म्हटलं की रस्ता अडला?"

आक्षेप रास्त आहे. कांटचं तत्त्व ताणलं तर एक माणूस अख्ख्या तालुक्याला थांबवू शकेल. स्वतः कांटही आपलं तत्त्व इतकं ताणत असे, की खुनी माणूस दाराशी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलू नये, असं त्याने १७९७ साली लिहिलं. हे बहुतेकांना पटत नाही, मलाही पटत नाही.

यातून वाट काढली डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९३० साली. त्याच्या मते आपल्यावर एकाच वेळी अनेक कर्तव्यं असतात: दिलेला शब्द पाळणं, इजा न करणं, केलेलं नुकसान भरून देणं, लोकांचं भलं करणं. ती आपसात भिडली की एक वरचढ ठरतं. पण हरलेलं कर्तव्य मरत नाही. त्याची बाकी राहते, आणि ती फेडावी लागते.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. समजा सगळं तपासल्यावर रस्ता याच शिवारातून नेणं खरोखर भाग आहे असं ठरलं. तरी ज्यांची जमीन गेली त्यांचं देणं संपलं नाही. नैसर्गिक नाला बुजला असेल तर पाणी तुंबणार नाही अशी मोरी बांधणं, रस्त्याने तुटलेल्या शेतात बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल असा रस्ता ठेवणं, उभं पीक असेल तर सुगीपर्यंत थांबणं, झालेल्या गोष्टीबद्दल समोर येऊन बोलणं. ही मेहेरबानी नाही, राहिलेलं कर्तव्य आहे.

वाटे कोणी पाडायचे?

दोन भावांत वाटणी करताना जुनी माणसं एक युक्ती करत. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटे पाडणाऱ्याला आपल्याला कोणता मिळणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो बरोबर पाडतो. अमेरिकेच्या जॉन रॉल्सने १९७१ साली मांडलेला न्यायाचा सिद्धांत याच जातीचा आहे. रॉल्स म्हणतो, समाजाचे नियम ठरवायला बसलात की आपण कोण आहोत हे विसरून बसा. श्रीमंत की गरीब, बाई की पुरुष, कोणत्या जातीचे, कोणत्या भाषेचे, काहीच माहीत नाही असं धरा. या कल्पनेला तो अज्ञानाचा पडदा म्हणतो. पडद्यामागून माणूस दोन गोष्टी मागेल, असं त्याचं मत: सर्वांना सारखी मूलभूत स्वातंत्र्यं, आणि विषमता ठेवायचीच तर संधी सगळ्यांना खुली ठेवून, आणि सर्वांत खालच्याचं भलं होईल अशी.

रस्त्याचा आराखडा करणाऱ्याने क्षणभर असं धरावं, की उद्या सकाळी जाग येईल तेव्हा आपण ट्रान्सपोर्टचे मालक असू, किंवा यळ्ळूरच्या अर्ध्या एकराचे मालक असू, किंवा त्या अर्ध्या एकरात कुळाने राबणारे असू. मग तो नकाशावरची रेघ कुठून ओढेल?

आणि आता ही कसोटी आपण आपल्यालाही लावू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कधी लागायचा तो लागो. पण पडद्यामागे बसल्यावर मला हे ठाऊक नसेल, की मी बेळगावातला मराठी माणूस म्हणून जन्मणार की जत, अक्कलकोट भागातला कन्नड बोलणारा. तेव्हा मी असाच नियम मागेन, की सीमा कुठेही असो, तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भाषिक अल्पसंख्याकाला आपल्या भाषेत शाळा आणि सरकारी कागद मिळालाच पाहिजे. आपली मागणी जतच्या कन्नड माणसालाही लागू करून पाहिली, तर ती कमजोर होत नाही. न्यायाची मागणी म्हणून तिला जोर चढतो. सीमालढ्यात मनापासून असलेल्या प्रत्येकाने हे करून पाहावं असं मला कळकळीने वाटतं.

उताऱ्यावर जिचं नाव नाही

बेंथम, कांट, रॉल्स तिघांच्याही मनात एक सुटा, स्वतंत्र माणूस आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली यावर बोट ठेवलं. नैतिक विकास मोजण्याच्या तेव्हाच्या पद्धतीत नियम आणि हक्कांच्या भाषेला वरचा दर्जा होता. "याचं कसं होईल, तिचं कोण बघेल?" असा नात्यांतून होणारा विचार, जो बायकांच्या बोलण्यात जास्त दिसे, तो खालचा धरला जाई. गिलिगन यांचं म्हणणं, की हा नीतीचाच दुसरा आणि तेवढाच पक्व सूर आहे. त्यातून जिव्हाळ्याचं, जपणुकीचं नीतिशास्त्र उभं राहिलं.

भाताच्या चिखलात रोप लावणारी, नंतर भांगलणीला आणि मग मसूर उपटायला जाणारी बाई घ्या. तिचं नाव उताऱ्यावर नाही. जमीन गेली की मालकाच्या खात्यावर रक्कम जमा होते. तिची वर्षातली कामं जातात आणि त्याची पावती कुणी फाडत नाही. हिशेबाच्या नीतीने तिला मोजायचं ठरवलं तर मोजता येतं, पण मोजायचं सुचायला आधी ती दिसावी लागते.

आणि ॲरिस्टॉटल?

सगळ्यांत जुना तोच, इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२ या काळातला ग्रीक तत्त्वज्ञ. त्याचा प्रश्नच निराळा होता. कोणती कृती योग्य, यापेक्षा कोणत्या प्रकारचा माणूस व्हावं? धैर्य, न्यायबुद्धी, उदारपणा हे गुण सवयीने अंगी येतात, आणि प्रसंग पाहून नेमकं काय करावं हे कळायला व्यवहारातलं शहाणपण लागतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५८ साली एका गाजलेल्या निबंधात या विचाराकडे परत लक्ष वेधलं. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की चांगला कायदा निबर अधिकाऱ्याच्या हाती गेला तर कोरडा पडतो, आणि शेतकऱ्यांचा पुढारी आतून मिंधा असेल तर न्याय्य लढाही विकला जातो.

"तत्त्वज्ञान काही सांगो, चालतं ताकदवानाचं"

मोठा मासा लहान माशाला खातो, याला आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणत आलेत, म्हणजे ही तक्रार जुनीच आहे. अमर्त्य सेन यांनी २००९ सालच्या पुस्तकात नेमका हाच शब्द घेतला. संपूर्ण न्याय्य समाज कसा असेल यावर एकमत होण्याची वाट पाहत बसू नका, समोरच्या दोन पर्यायांत कमी अन्याय कशात आहे ते उघड चर्चेने ठरवा, असं ते सांगतात.

अशा चर्चेने कायदे बदलतात, याचा पुरावा भूसंपादनाच्याच कायद्यात आहे. १८९४ च्या इंग्रजी कायद्यात सरकारने 'सार्वजनिक हित' म्हटलं की विषय जवळजवळ संपत असे. २०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आली. तिथे कांट दिसतो. सामाजिक परिणामांचं मूल्यमापन आलं. तिथे बेंथम आहे. मालकाबरोबर त्या जमिनीवर पोट असणारी कुळं आणि शेतमजूरही बाधित कुटुंबांत धरले गेले. तिथे रॉल्स आहे आणि ती रोप लावणारी बाईही. एका कायद्यात इतक्या परंपरा शेजारी-शेजारी बसल्या, त्या देशभरातल्या आंदोलनांतल्या लोकांनी, "आमचं म्हणणं नुसती भावना नाही," हे लावून धरलं म्हणून.

पण याच कायद्याच्या दहाव्या कलमात एक फट आहे. बागायती, एकाहून जास्त पिकं देणारी जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असं ते कलम सांगतं आणि लगेच रेल्वे, महामार्ग, कालवे अशा लांबट पट्ट्याच्या प्रकल्पांना त्यातून सूट देतं. त्यामुळे महामार्गाखाली जाणाऱ्या बागायती जमिनीलासुद्धा या कलमाचा आधार मिळत नाही. सूट देण्यामागे कारण आहे. रस्ता सरळ न्यावा लागतो, तो प्रत्येक सुपीक तुकडा टाळून वळवता येत नाही. तरी दुसऱ्या कोणत्या मार्गांचा विचार केला, ते का सोडले आणि प्रत्येकात किती पिकाऊ जमीन जात होती, हे लेखी मांडायला या सुटीची काहीच आडकाठी नाही. रिंगरोडच्या सुनावणीला डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, जाणाऱ्याने सगळ्यात आधी हाच कागद मागावा, आणि तो मराठीतही मागावा.